मुशी ताजी होती

सन दोन हजार चौदा. मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा होतो — म्हणजे अक्कल यायला पुरेसं वय. आली नव्हती, ते पुढं कळेलच.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. एक माणूस सोडून — आणि त्या माणसाचं शेवटी येईल. घरातली मंडळी हे तुमच्याबरोबरच वाचतील. बायको वाचेल तेव्हा मी नाक्यावर चहाला गेलेलो असेन. मुद्दाम.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायला बसलो की अक्षरं जास्त भाजलेल्या विटांसारखी एकाला एक चिकटतात, तेवढं सांभाळून घ्या. पण खोटं बोलायला कुठं शाळा लागते? ते मी बिनशाळेचं बोललो आणि असं पक्कं बोललो की अकरा वर्षं त्याला तडा गेला नाही. मोठं भाषण नव्हतं हो. एकच शब्द होता. "नाय."

कुणाला म्हटलं, कशाला म्हटलं — सांगतो. पण आधी माझ्या विस्तवाचं सांगू द्या. त्याशिवाय माझा माज तुम्हाला कळणार नाही.

माझं आयुष्य विस्तवापुढं गेलं. कर्नाळ्याच्या अलीकडं, हायवेच्या कडेला जिथं आता गाड्यांची शोरूमं आहेत, तिथं आमच्या वेळी वीटभट्ट्या होत्या. मालक कुणीही असो, भट्टी लावायची ती मी. आग कुठून द्यायची, कुठलं तोंड कधी लिंपायचं, हे मला लांबून धूर बघून कळायचं. काळा धूर — कच्ची आहे. पांढरा धूर — ओल निघतेय अजून. आणि धूर संपला, नुसता लाल उजेड राहिला, की भट्टी पास! माणसं विचारायची, "काका, झाली का?" मी तोंडातली बिडी न काढता नुसती मान हलवायचो. त्या मान हलवण्यात काय ऐट होती म्हणून सांगू! धूर नाही म्हणजे धोका नाही — एवढंच माझं शिक्षण. आणि सगळा घोटाळाही तिथंच.

भट्टी उघड्या माळावर असते. हे एवढं साधं माझ्या डोक्यात यायला नको होतं का? आमचं गावचं घरसुद्धा कौलारू — चूल पेटली की वरून धूर असा निघायचा, जणू घरच बिडी ओढतंय. त्या घरात आमच्या आईनं सगळ्या सुनांना शेक-शेगडी दिली. बाळंतिणीची अंघोळ झाली की खाटेखाली लाल निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा आणि बाळंतशेपा टाकायचा, दार लोटायचं, आणि मायलेकरांनी घामाघूम व्हायचं. कुणाला कधी काही झालं नाही. का झालं नाही? मी समजत होतो, आमच्या हातात गुण आहे. गुण कौलांच्या फटींत होता.

मग मुलानं नवीन पनवेलला फ्लॅट घेतला. नितीननं — माझ्या थोरल्यानं. तिसरा मजला. फ्लॅट त्याचा, पण खिडक्या मी बसवून घेतल्या. सरकत्या, ॲल्युमिनियमच्या, कडेला रबर. कारागिराच्या डोक्यावर उभा राहून बसवून घेतल्या. येईल त्याला दाखवायचो, "मुंगी आत येणार नाय." लोक म्हणायचे, वा. मुंगी येत नव्हती हे खरं. दुसरंही काही आत येत नव्हतं — आणि आतलं बाहेर जात नव्हतं.

त्याच वर्षीच्या थंडीत आमची सून शुभांगी बाळंत झाली. मुलगी. आमच्या घरातली पहिली नात. आता पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे, हे तुम्हाला सांगायला नको. शुभांगीचं माहेर उरणच्या बाजूला, खाडीकाठच्या गावात. पण मी हट्ट धरला — नात माझ्या फ्लॅटात राहील. माहेरच्या घराला ओल आहे, डास आहेत, दवाखाना लांब आहे… दहा कारणं काढली. खरं कारण खिडक्या. मला त्या खिडक्यांच्या आत नात बघायची होती. हसा खुशाल.

मग माहेरच इकडं आलं. म्हणजे विहीणबाई आल्या — हिराबाई. एका हातात कपड्यांचं बोचकं, दुसऱ्या हातात मासळीची टोपली. आयुष्यभर मासळी विकलेली बाई. नाक असं की टोपलीवरचं फडकं उचलायच्या आधी सांगायच्या, ही सकाळची, ही कालची, ही बर्फात झोपून आलेली. त्यांच्या गावात कुणी बाळंतीण झाली की यांना बोलावणं यायचं, कारण यांच्या हातची मुशी. मुशी म्हणजे तो बिनकाट्याचा, खरखरीत कातडीचा मासा. आमच्याकडं बाळंतिणीला दूध यावं म्हणून देतात. साफ करायला किचकट, आणि जरा शिळी झाली की असा वास मारते की शेजारी घर बदलतील. हिराबाईंच्या मुशीला कधी वास नसायचा. जे घडलं त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी तिचं कालवण केलं. सगळ्यांनी खाल्लं. मी तर दोनदा घेतलं, आणि सकाळी न्याहारीला भाकरीबरोबर पुन्हा. हे लक्षात ठेवा.

त्या सकाळी मायलेकींची अंघोळ झाली. बायको बाजारात गेली होती, नितीन कामावर. मी गॅलरीत शेगडी पेटवली. लोणारी कोळसा, एक नंबर. धूर जाईस्तोवर थांबलो, निखारे लालबुंद झाले तेव्हा आत नेली. खिडक्या लावल्या. दाराखालून वारा येतो म्हणून ओला टॉवेल पिळून फटीत घातला. काय ती काळजी! बापाच्या जन्मात कुणी एवढ्या प्रेमानं… जाऊ द्या.

दार लावताना विहीणबाई आतून म्हणाल्या, "व्याही, एक खिडकी उघडी ठेवा जरा. जीव गुदमरतोय."

मी म्हटलं, "विहीणबाई, विस्तव मला शिकवू नका. मासळीत तुमी, विस्तवात मी."

त्या हसल्या. "ऱ्हायलं," म्हणाल्या. दार लागलं. मी हॉलमध्ये पाय पसरून बसलो, खूष. एका वाक्यात विहिणीला गप्प केलं होतं ना.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. आतून बोलणं येत होतं, मग येईनासं झालं. मला वाटलं, झोप लागली. छान. मग उलटीचा आवाज आला. दार ढकललं, टॉवेल अडला, पुन्हा ढकललं. आत धूर नाही. वास म्हणाल तर ओव्याचा, छान. सगळं नीटनेटकं दिसत होतं — आणि शुभांगी खाटेवरून खाली वाकून ओकत होती. विहीणबाई भिंतीला टेकल्या होत्या, उठायला बघत होत्या, पण गुडघे ऐकत नव्हते. "डोकं… डोकं फुटतंय," एवढंच. आणि पोर — पोर रडत नव्हती. मी उचलली तर हात असा लोंबला, ओल्या फडक्यासारखा.

मी तिला घेऊन गॅलरीत पळालो. का पळालो? मला कुणी सांगितलं होतं का? नाही. शरीरानंच ओळखलं. गॅलरीतल्या वाऱ्यात जरा वेळ गेला, आणि पोरीनं तोंड वाकडं केलं, मग भोकाड पसरलं. तेवढं गोड भोकाड मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

बघा — त्याच क्षणी मला कळलं होतं. नाव ठाऊक नव्हतं, पण कळलं होतं. खोलीत निपचित, वाऱ्यात जिवंत. अजून काय कळायचं राहिलं? आणि त्या पोरीनं काय खाल्लं होतं? आईच्या दुधापलीकडं काही नाही.

खिडक्या उघडल्या, शेगडी गॅलरीत ढकलली, शेजाऱ्यांना हाका मारल्या. दोघींना धरून बाहेर काढलं, रिक्षा केली, गल्लीच्या टोकाचा दवाखाना गाठला. डॉक्टर तरुण होते, चेहऱ्यानं शांत. दोघींना तपासलं, पोरीला तपासलं. पोर तोवर दवाखाना डोक्यावर घेत होती, तेव्हा ती ठणठणीत आहे असं कुणालाही वाटावं. मग ते माझ्याकडं वळले.

"आजोबा, घरात शेगडी, कोळसा, गॅसचा गीझर — असं काही बंद खोलीत पेटवलं होतं का?"

"नाय."

"नक्की?"

"फ्लॅटात ऱ्हातो आमी, डॉक्टर. शेगडी कुठनं येणार?"

बघितलंत? एका 'नाय'वर थांबलो नाही. वर नक्षी काढली.

"मग काल-आज खाल्लं काय?"

आणि मी — डोळ्याला डोळा भिडवून — म्हटलं, "मुशी. विहिणीनं आणलेली."

तुम्ही विचाराल, का? पोलिसांची भीती? नाही. मुलगा रागावेल? तो कसला रागावतो! मला अकरा वर्षं विचार करून एकच उत्तर सापडलंय, आणि ते इतकं लहान आहे की लिहायला लाज वाटते. खिडकी उघडा असं विहीणबाई म्हणाल्या होत्या. शेगडीचं सांगितलं असतं, तर त्यांचंच बरोबर निघालं असतं. बस. एवढंच.

डॉक्टरांनी पोट बिघडल्याचं औषध दिलं, सलाईन लावलं. तरी त्यांचं मन मानत नव्हतं. जाता जाता मला बाजूला घेऊन म्हणाले, "आजोबा, तरी सांगून ठेवतो. बंद खोलीत कोळसा जळला की एक वायू होतो. रंग नाही, वास नाही, धूर नाही. रक्तात हवेची जागा तोच घेतो. डोकं दुखतं, मळमळतं, हातापायातलं बळ जातं, गुंगी येते. माणसाला वाटतं पोट बिघडलं. आणि तसाच जो झोपतो तो उठत नाही." त्या वायूचं नावही त्यांनी सांगितलं — कार्बन मोनॉक्साईड. मला ते अजून नीट म्हणता येत नाही. मी त्याला बिनवाशा म्हणतो.

म्हणजे बघा, मला दुसऱ्यांदा संधी दिली होती. खरं सांगितलं असतं तर त्यांनी लगेच मोठ्या दवाखान्यात नेऊन प्राणवायू लावला असता. मी काय केलं? "बरं झालं सांगितलंत," म्हटलं. दोघी बाहेर आल्या होत्या, दवाखान्याच्या व्हरांड्यात वारा होता, आणि नशीब बरं होतं — म्हणून त्या उठून बसल्या. पोरीलाही काही झालं नाही. माझ्यामुळं नाही.

आता या पापातला विनोदी भाग. मुशी बिघडली म्हटल्यावर मलाही त्रास व्हायला नको का? सगळ्यात जास्त तर मीच हाणली होती! मग मी पोट धरलं. कण्हलो. बायको धावत आली तेव्हा मी बाकावर आडवा, तोंडात पाणी घेऊन उलटीचं सोंग करतोय. त्यानंतर बरेच दिवस मला मऊ भात आणि मीठ-लिंबू मिळालं. घरात बोंबील तळले जायचे, आणि मी भाताकडं बघत बसायचो. नितीनचा फोन आला, "बाबा, मी डब्यातपण मुशी खाल्ली, मला काहीच नाही." मी म्हटलं, "तुझं पोट दगडाचं." त्याला अभिमान वाटला. अजून सांगत असतो मित्रांना.

शेगडी मी त्याच दिवशी माळ्यावर टाकली, गणपतीच्या मखरामागं. घरी सांगितलं, शेक बंद, सूनबाईला उष्णता झालीय असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे डॉक्टरांच्या नावावरही एक खपवलं. त्या खोलीत पुन्हा निखारा गेला नाही, एवढं मात्र बघितलं.

पण विहीणबाई? त्या घरी आल्या, भिंत धरत स्वयंपाकघरात गेल्या, उरलेलं कालवण मोरीत ओतलं. मग आपल्याच नाकावर हळूच चापट मारली. "या मेल्याला झालं काय," म्हणाल्या. "मला कसा नाय कळला वास?" मी दारात उभा होतो. वास कुठनं कळणार, बाई — नव्हताच! हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी ते मऊ भाताबरोबर गिळलं.

त्यांनी स्वतःच मान्य केलं हो. भांडल्या असत्या, माझ्यावर उलटल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं. पण त्यांना खरंच वाटलं की आपल्या हातानं आपल्या लेकीला विष घातलं. नंतर बायकोनं ते आपल्या बहिणींना सांगितलं, बहिणींनी एका हळदीला सांगितलं, आणि हळदीला सांगितलेलं कुठं थांबतं? डीजेपेक्षा लांब जातं. हळूहळू विहीणबाईंना बाळंतिणीकडं बोलावणं येईना. मुशी तर त्यांनी सोडलीच. मागं एकदा आम्ही त्यांच्याकडं गेलो होतो. साधे बांगडे आणलेले. त्यांनी शेजारच्या पोरीला हाक मारली, "ये गं, जरा हुंगून बघ, ताजं हाय का." ती बाई — जी फडकं न उचलता सांगायची. मी तेव्हा मोबाईलमध्ये बघत बसलो. मोबाईल बंद होता.

तुम्ही म्हणाल, आणि हा माणूस मजेत जगत होता? हो, जगत होतो की. पण मला एक रोग लागला — खिडक्यांचा. कुणाच्या घरी गेलो की आधी खिडकी उघडायची, मग पाणी प्यायचं. घरात हसतात, "बाबांना वाऱ्याचं वेड लागलंय." वरच्या मजल्यावर एक कारकून राहतात, त्यांचा गॅसचा गीझर बाथरूमच्या आत होता, आणि झरोका पुठ्ठ्यानं बंद. मी त्यांच्या मागं असा लागलो, असा लागलो — त्यांची अंघोळीची वेळ झाली की बाथरूमच्या दारावर थाप मारायचो, "जिवंत हाव का?" शेवटी वैतागून त्यांनी गीझर गॅलरीत काढला आणि झरोका मोकळा केला. एका लग्नात जनरेटर मंडपाच्या आत ठेवला होता, तो मी लांब बाहेर न्यायला लावला. नवऱ्याचा मामा माझ्या अंगावर आला. थंडीत आमच्या गावच्या वाडीत पोरं पोपटी लावतात — मडक्यात वालाच्या शेंगा आणि अंडी भरून, भोवती जाळ करून. ती झाल्यावर एकदा पोरं निखारे घमेल्यात भरून ऊब म्हणून टेम्पोत घ्यायला निघाली होती, वर ताडपत्री बांधून. मी घमेलं लाथेनं उडवलं. पायाला फोड आला. सगळ्यांना सांगायचो — घरात एकदम सगळ्यांचं डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं, आणि बाहेर गेलं की बरं वाटलं, तर आधी बाहेर निघा, पोरं-म्हातारी पहिली. मग दारं उघडा. मग डॉक्टरकडं जा. आणि जेवणाला नावं ठेवण्याआधी घरात विस्तव कुठं आहे ते बघा.

आणि डॉक्टरनं विचारलं तर खरं सांगा. हे शेवटचं मात्र मी कधी म्हटलं नाही.

लोक म्हणायचे, काकांना किती माहिती! मी मान हलवायचो. भट्टीवर हलवायचो तशीच.

असं चाललं होतं, आणि गेल्या थंडीत धाकटी सून बाळंत झाली — प्रणाली. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण आमच्याकडंच. मुलगा झाला. मी पेढे वाटत फिरत होतो, आणि घरी येतो तर गॅलरीत ओळखीचा लाल उजेड. बायकोनं मखर बाजूला करून शेगडी काढली होती. घासूनपुसून, कोळसा घालून, निखारे तयार. आतल्या खोलीतून सरकत्या खिडकीचा आवाज आला — सर्र, टक. माझीच ती खिडकी. माझंच ते रबर.

मी पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. दोन फडकी घेतली, शेगडी उचलली आणि चालू लागलो. लिफ्टमध्ये विस्तव नको, एवढी अक्कल आता आली होती, म्हणून जिन्यानं. बहात्तर वर्षांचा म्हातारा, धोतर खोचलेलं, हातात धगधगती शेगडी, आणि मागून बायको, "अवो! वेड लागलं का तुमाला? अवो, कुठं चाललाव?" खाली वॉचमननं खुर्ची सोडून पळ काढला. मी झाडांच्या नळाखाली शेगडी ठेवली आणि नळ सोडला. अशी वाफ उठली की दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी अग्निशमनला फोन करू का विचारलं.

"कोळसा नाय," मी म्हटलं. "गरम पाण्याची पिशवी आणा. खिडकी उघडी."

बायको कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मग शुभांगीच्या येलेला कसा चालला?"

उत्तर जिभेवर होतं. इतकं जवळ की चव लागत होती. मी म्हटलं, "तवा वेगळं होतं."

दुपारी जेवताना बायको म्हणाली, पोरीला दूध उतरत नाही, मुशी द्यायला पाहिजे. शुभांगी भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "आईला बोलावू का?"

"नको गं बाय," बायको म्हणाली. "एकदा झालं तेवढं बास."

वाईट हेतूनं नाही म्हणाली. सहज म्हणाली, मीठ दे म्हणावं तशी. शुभांगीनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. तिच्या मानेची एक शीर हलली फक्त. आणि तिची मुलगी, ती गॅलरीत रडलेली, शाळेच्या कपड्यांत शेजारी बसून भाकरी फुगायची वाट बघत होती. मी ताटावरून उठलो. बायको म्हणाली, "पोट बिघडलं का?" मी म्हटलं, "नाय."

या वेळी तो शब्द खरा होता, आणि तरी तोंड कडू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मासळी बाजारात गेलो. मुशी मागितली. मासळीतलं मला काय कळतं? चकचकीत दिसली ती घेतली. कोळीण आईची शपथ घेऊन ताजी म्हणाली. पिशवी घेऊन उरणच्या एसटीत बसलो. कंडक्टरनं नाक मुरडलं, "काका, उरणला मासळी नेताव? तिकडं संपली का?" गाडी हसली. मीही हसलो. द्रोणागिरीच्या बाजूला कंटेनरच्या रांगा लागल्या, तिथं गाडी अडकली, ऊन पिशवीवर. मी मनात वाक्यं लावत होतो. चांगली लावली होती, विटांसारखी एकावर एक, मध्ये चिखलाचा गारा भरून.

विहीणबाई पडवीत बसून सुका जवळा निवडत होत्या. मला एकट्याला बघून दचकल्या. "व्याही? पोरी बऱ्या हाईत ना?"

मी बसलो नाही. चप्पलही काढली नाही. म्हटलं, "मुशी ताजी होती. तवाची. शेगडीनं झालं. तुमी खिडकी उघडा बोललाव, मी उघडली नाय. डॉक्टरनं शेगडीचं विचारलं, मी नाय म्हटलं. मुशीचं नाव मी घेतलं."

लावलेली बाकीची वाक्यं कुठं गेली देव जाणे. एवढंच निघालं.

त्यांचा हात जवळ्यात तसाच राहिला. मी आणखी काही बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी तळवा दाखवला — थांबा. मग उठल्या. माझ्या हातातली पिशवी घेतली, तोंड सोडलं, नाकाजवळ नेली. शेजारच्या पोरीला हाक मारली नाही. एकदाच हुंगलं.

"ही शिळी हाय," म्हणाल्या.

त्यांनी पिशवीचं तोंड आवळलं.

"ती ताजी होती." हे माझ्याशी नव्हतं. मग पिशवी माझ्या हातात परत दिली. "टाका जा."

मी खाडीच्या कडेला गेलो, पिशवी उलटी केली. कुठूनशी दोन मांजरं धावत आली. त्यांनी हुंगलं, एकमेकांकडं बघितलं, आणि निघून गेली.